बोलके गुंड, गप्प गुंड

६ जानेवारी, मंगळवार

सतीश आज अख्खं वाक्य बोलला. दुपारी, वरणभात भरवताना. “तेरी आख़िरी ख़्वाहिश किसी ने पूछी है अब तक?” तोच आवाज, पोटातून आलेला, शेवटच्या शब्दावर जरासा खरखरीत. चमचा टाकून मी आईंना हाक मारली. मग त्याला म्हटलं, पाणी म्हण. नाही आलं. माझं नाव म्हण. तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

वाक्य त्याचं नव्हतंच. त्या अमेरिकन मालिकेतल्या म्हाताऱ्या डॉनचं. हिंदीत डॉनला आवाज सतीशचा, पहिल्या सीझनपासून. स्पीच थेरपिस्ट मुलगी फोनवर म्हणाली, मेंदूच्या झटक्यानंतर पाठ असलेलं राहतं. गाणी, शिव्या, संवाद. स्वतःचं बोलणं जातं. “खूश व्हा मॅडम, पण फार नको.”

आई, माझ्या सासूबाई, मात्र: “बोललंस ता पन हिंदीत! मेल्या!” आणि डोळे पुसत आत गेल्या.

९ जानेवारी, शुक्रवार

कॉलेजात बारावीला फ्रेंच शिकवताना मध्येच थांबले. क्रियापद सुचेना. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सुचलं, पण तेवढ्यात वाटलं, मलाही होतंय की काय.

घरी आल्यावर आमचं जुनं भांडण आठवत बसले. लग्नाआधीपासूनचं. त्याला अमेरिकन गुंडांचे सिनेमे, मला फ्रेंच. तो म्हणायचा, “तुझे लोक खून करायला निघाले तरी आधी आरशात बघून टोपी सरळ करतात. अर्धा सिनेमा कोण बोलतच नाय. सगळे असे निघाले तर डबिंगवाल्याने खायचं काय?” मी म्हणायची, तुझा गुंड बोलून बोलून स्वतःला माफ करून घेतो. आई, चर्च, मुलं, जेवणाचं टेबल. सगळ्यांना सांगतो की हे तुमच्यासाठीच. फ्रेंच गुंड सबबी सांगत नाही. तो दार कसं ओढून घेतो, त्यावरून कळतं की आता परत येणार नाही.

घरचा नियम असा: सिनेमा संपला की चहा होईपर्यंत बाजू बदलायच्या. मी त्याच्या गुंडांची वकिली करायची, त्याने माझ्या. माझी बाजू तो माझ्यापेक्षा सरस मांडायचा. मला राग यायचा.

आता घरात फ्रेंच सिनेमाच चालू आहे. सतीश कप ठेवतो, खिडकीकडे बघतो, हात चादरीवर फिरवतो. हेच बघून माणूस कळतो असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आले. मला काहीही कळत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

दिनू आला. मरोळच्या स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट, सतीशचा जुना दोस्त. येताना त्याच्यासाठी चिकू आणले होते. सोलून स्वतः भरवले. मग विषय काढला.

मालिकेचा शेवटचा सीझन आलाय. डॉनचा आवाज तोच पाहिजे, वरून निरोप आहे. सतीशच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर नवीन संवाद बोलेल, त्याच्याच आवाजात. नाव त्याचं लागेल, मानधनही. “भाऊंचा होकार पाहिजे फक्त. त्यांच्या वतीने तुम्ही सही केली तरी चालेल, वहिनी.”

सतीश समोरच. सगळं ऐकत होता. दिनूने त्याचा हात धरला. “भाऊ, करू ना?”

“हो.”

दिनूचे डोळे भरले. “बघा. झालं काम.”

मी म्हटलं, थांब. त्याच्या हो-नाहीचा भरवसा धरू नका, हे थेरपिस्टने पहिल्याच दिवशी सांगितलंय. मनात एक असतं, तोंडातून दुसरं पडतं. मी विचारलं, “सतीश, नकोय का तुला हे?”

“हो.”

दिनू: “वहिनी, तुम्ही पण ना! वकिलासारखं काय विचारता?”

पुढच्या आठवड्यापर्यंत वेळ आहे. नंतर दुसरा आवाज घेतील. पैशांची घराला गरज आहे, हे खोटं नाही. म्हणूनच मी जे ऐकेन त्यावरही माझा विश्वास नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

आईंनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. “तिळगूळ घे, गोड...” तिथेच अडल्या. मग म्हणाल्या, “खा.”

संध्याकाळी परीक्षा घेतली. उत्तर मला माहीत आहे, असेच प्रश्न. तू भांडुपला राहतोस? हो. पोस्टात नोकरी करतोस? नाही. मला भाऊ आहे? नाही. सगळी बरोबर. भरवसा ठेवता येईल असं वाटलं. मग एक अगदी सोपा म्हणून विचारला: फ्रेंच गुंड तुझ्या अमेरिकनांपेक्षा भारी, बरोबर?

“हो.”

हसला नाही. सरळ माझ्याकडे बघत होता.

म्हणजे परीक्षा बाद. हे तो जन्मात म्हणणार नाही.

पण लिहिताना वाटतंय, नियमाप्रमाणे तो माझी बाजू तर घेत नव्हता? मग मी त्याची घ्यायला हवी होती आणि मी नुसती बघत बसले. की खरंच मत बदललंय, आता स्वतःच त्या गप्प लोकांत जाऊन बसल्यामुळे? की माझी दया आली? दुसरा कुठलाही प्रश्न चालला असता. मूर्ख आहे मी.

१७ जानेवारी, शनिवार

आज त्याची बाजू घेतली. मोठ्याने, त्याच्या खुर्चीसमोर उभी राहून. म्हटलं, तुझा गुंड बोलतो कारण गप्प झाला की आपण कुणीच नाही, ही त्याला भीती आहे. खोटं बोलतो, पण टेबलावर समोर कुणीतरी ऐकायला आहे म्हणून बोलतो. माझ्या फ्रेंच माणसाला कुणी काही विचारतच नाही रे. आम्ही त्याला बाणेदार म्हणतो. कदाचित तो नुसता एकटा असेल.

म्हटलं, आता तू. माझी बाजू मांड. काहीही म्हण. बोल ना. बोल ना रे!

किती ओरडले ते आईंच्या आवाजाने कळलं. “गो, तेच्यार वरडतंस कित्या? तेका काय हौस आसा?”

तो रडला. थेरपिस्ट म्हणते, अशा आजारात रडणंही कधी कधी रडणं नसतं, आपोआप येतं. मग खरं धरायचं तरी काय?

२० जानेवारी, मंगळवार

दिनू नमुना घेऊन आला. फोनवर लावला. सतीशने कधीही न बोललेलं वाक्य, सतीशच्या आवाजात. “मैं थक गया हूँ, और तुम लोग मुझे सोने नहीं देते।” आई ओल्या हातांनी बाहेर धावल्या. “तो बोललो काय गो?” दिनूने फोन दाखवला. त्या सतीशच्या पायाशी बसून राहिल्या.

सतीशने डाव्या हाताने खूण केली, परत. परत ऐकलं. मग आणखी एकदा. या वेळी वाक्य जिथे मधे तुटतं तिथे त्याने श्वास घेतला. मोठ्याने, माइकसमोर घ्यायचा तसा.

दिनू एकदम उभा राहिला. “श्वास! वहिनी, मशीनने श्वासच घेतला नाय. भाऊंनी चूक काढली. म्हणजे त्यांना करायचंय.”

मला नेमकं उलट वाटलं. हा मी नाही, यात कुणी जिवंत माणूस नाही, असं दाखवत होता. म्हणजे नको.

दिनू म्हणाला, मग श्वास तरी भाऊंचाच रेकॉर्ड करून घेऊ, आत्ता. फोन सतीशच्या तोंडाजवळ धरला. सतीशने ओठ मिटले. पाठ ताठ, नजर समोर. अगदी गप्प.

“टेकच्या आधी असेच बसतात ते. रेडी आहेत.”

नाही म्हणणारा माणूसही असाच बसेल.

दिनूचा अंगठा लाल बटणावर. “वहिनी, तुम्ही सांगा.”

पाणी आणते म्हणून आत आले आहे. ओट्यापाशी उभी राहून हे लिहितेय. बाहेर तिघांपैकी कुणाचाही आवाज नाही. तो अजून तसाच बसला असेल, आणि मला बाहेर जाऊन काहीतरी म्हणायचं आहे.