दम किती लागला?

४ मार्च २०२४, सोमवार
माझ्या प्रबंधाच्या गाईड सुलेखा मॅडम फिजिओथेरपी विभागात सगळ्या पेशंटसमोर माझ्यावर रागावल्या. चंपाबाई व्यायामाची सायकल मारत होत्या. मी विचारलं – शून्य ते दहामध्ये दम किती लागला? म्हणाल्या, आठ. "आठपर्यंत जाऊच कसं दिलंस? आधी थांबवायचं ना!" बरोबरच होतं त्यांचं. प्रबंध माझा, चूकही माझी. चंपाबाई खाली बघत राहिल्या. दौलताबादहून येतात. तीस वर्षं खानावळीच्या चुलीपुढे भाकरी थापल्या, फुप्फुसं त्या धुरानं गेली.

११ मार्च
आज दोन! एका आठवड्यात? नियम असा – आकडा चारच्या खाली आला की श्वास ओढायच्या यंत्राची स्प्रिंग एक वळसा घट्ट करायची, म्हणजे श्वास ओढायला जोर जास्त लागतो. केली.

१८ मार्च
पुन्हा दोन. पण गळ्याच्या खळीत कातडी आत ओढली जात होती, खांदे कानांपर्यंत. श्वासपटल थकलं की मान आणि खांदे मदतीला धावतात – पेशंटना हे मीच समजावते!
"मावशी, खरंच दोन?"
"व्हय गं. दोनच हाय. लिही तू."
पेशंट सांगेल तोच आकडा लिहायचा. लिहिला. स्प्रिंग आणखी एक वळसा. शाळेआधी बाबांनी घरीच पाटीवर शिकवलं, तेव्हा म्हणायचे – पाहिलंस तेच लिही. मी ऐकलेलं लिहिलं.

१ एप्रिल
दोन. स्प्रिंग घट्ट.

८ एप्रिल
चौथ्या मिनिटाला चंपाबाई सायकलवर कलंडल्या. ओठ निळे. ऑक्सिजन लावला. मॅडमनीच नळी बसवली. बऱ्याच वेळानं बोलता आलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य – "तीन लिही."
मी रडलेच.
"त्या दिशी आठ म्हनले तर मॅडम तुला किती बोलल्या! आकडा चढला की तुझे मार्क कापतेत ना? माझ्यापायी पोरगी नापास व्हायची."
"मावशी, ते माझे मार्क नाहीत हो. तुमचा दम आहे तो."
"मंग तसं सांगावं ना आधी! मला काय सपान पडतं?"
सून रूपा न्यायला आली होती. "आत्याबाई, घरी सात पायऱ्या चढताना तीनदा बसता. अन् इथं दोन?"
"तू गप. सायेबीण हाय का तू?"
कधीच नीट सांगितलं नव्हतं मी, आकडा कशाचा ते. बारा जणांना रोज विचारते. एकालाही नाही.

१० एप्रिल
मॅडमना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "चंपाबाईंना प्रबंधातून वगळ. बाकीचे अकरा पुरेत." सुटल्यासारखं वाटलं. मग त्या वाटण्याचीच लाज वाटली.

१२ एप्रिल
अकरा जणांना एकेकटं बसवून विचारलं. इलियासचाचा हसले – "चंपाबाई ने बोला था बेटा. नंबर कम बताना, नहीं तो बच्ची का साल जाता."
अकरापैकी नऊ जण आकडा कमी सांगत होते. सगळ्यांच्या स्प्रिंगा सैल केल्या.