विहिरीजवळच्या झाडाचे डोळे घेऊ नयेत

प्रति,
मा. फळबाग निरीक्षक साहेब,
शेतकी कचेरी, सौंसर,
जि. छिंदवाडा (नवा मध्यप्रदेश)

विषय : संत्रा रसाचे पहिले बक्षीस परत घेऊन देवकाबाईंच्या बागेला लागणारी आरी थांबवणेबाबत.

संदर्भ : गेल्या रविवारची फळ प्रदर्शनी, सौंसर.

महोदय,

अर्जदार कु. विजया रघुनाथराव कामडी, मॅट्रिक पास, रा. रामाकोना, सविनय कळवते की साहेब नव्या राज्यासोबत नवीनच इकडे आले आहेत, मराठी वाचायला जड गेल्यास बडे बाबू भगवंतराव वाचून दाखवतील. मात्र भगवंतराव अर्जदाराच्या वडिलांसोबत चहा पितात, तरी त्यांना आजच्या दिवस चहाला सोडू नये, ही पहिली विनंती.

१. अर्जदाराच्या नावाने वडिलांनी विहिरीजवळ संत्र्याचे एक झाड लावले आहे. त्याने यंदा पहिल्यांदाच फळ धरले. प्रदर्शनीत "घरच्या झाडाचा रस" मागवल्याचे ऐकताच अर्जदाराने कोणाला न विचारता, कोणाला एक फोडही न देता झाड ओरबाडून रिकामे केले. साल जाड, आत रस कमी, आणि पहाटे पिळलेला जो थोडा निघाला तो सौंसरला पोचेपर्यंत कडूजहर. लोक जमून राहिले, नाव पुकारून राहिले, आणि अर्जदाराच्या पिशवीत भाऊ प्रभाकरने नागपूरहून (जे आता परराज्यात गेले) पाहुण्यांसाठी आणलेली दुकानातल्या संत्रा रसाची बाटली होती. ती सोबत का घेतली होती, याचे उत्तर अर्जदाराजवळ नाही. म्हणजे आहे, पण लिहायला लाज वाटते.

२. साहेबांनी तो बाटलीतला रस पिऊन "वाह, यही है असली संतरा!" असे म्हटले. साहेब, तो असली नव्हता. त्यात साखर, वास आणि रंग मापून घातलेले असतात, म्हणून पहिला घोट तसाच शेवटचा घोट. आमच्याच वस्तीतल्या देवकाबाईंनी आपल्यासमोर फळे सोलून, फडक्यातून पिळून दिला, तर एक पेला गोड, दुसरा जरासा आंबट, वर एक बी पण आली. साहेब म्हणाले, दोन पेल्यांची चव जुळत नाही. ती जुळतच नसते, साहेब. उन्हाकडच्या फांदीचे फळ वेगळे, सावलीतले वेगळे. आमच्याकडे हे शेंबडे पोरही जाणते, अर्जदारही जाणत होती, आणि तरी टाळ्या पडल्या तेव्हा मान खाली घालून उभी राहिली. लोकांना वाटले, पोरगी किती विनयी!

३. इथवरच झाले असते तर अर्जदाराने गिळले असते. पण साहेबांनी झाड कोणते म्हणून विचारले, अर्जदाराने भरात "विहिरीजवळचे" सांगितले, आणि येत्या सोमवारी त्याच झाडाचे डोळे, म्हणजे कलमाचे कोंब, काढून खात्याच्या रोपांवर बांधायचे ठरले. ती रोपे पार पांढुर्णा, तिगावपर्यंत वाटली जाणार. वडिलांनी झाडाला तोरण बांधले आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतात, "हे माह्या विजीचं झाड, आता जिल्हाभर जाईन." झाडावर चाखायला एक फळ उरलेले नाही, त्यामुळे खरे काय ते अर्जदारालाच माहीत.

४. त्यातच मंगळवारी देवकाबाई घरी आल्या, अर्जदाराच्या गालावरून हात फिरवला नि म्हणाल्या, "नाव काढलं वं पोरी तू वस्तीचं. माही झाडं बुढी झाली. सोमवारी डोळे काढतीन तं मलेबी देजो थोडेसे. ओळीच्या ओळीची मुंडकी छाटतो अन् त्यावर तुह्याच झाडाचे बांधतो." घरचे सगळे हसले. अर्जदारही हसली. देवकाबाईंची झाडे या भागात सगळ्यात गोड आहेत, आणि बुधवारी त्यांनी आरीला धार लावून आणली.

५. म्हणून आज सकाळी इथवरचा अर्ज प्रथम देवकाबाईंच्या अंगणात उभे राहून वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला. "झालं तुहं?" एवढेच विचारले. मग साक्षीदार म्हणून अंगठा दिला, पण आरी भिंतीवरून खाली उतरवून ठेवली नाही. जाताना म्हणाल्या, "माह्या झाडायले नापास साहेबानं केलं. पास बी साहेबानंच करावं." लहानपणापासून त्या अंगणातून अर्जदार कधी रिकाम्या हाताने परतली नव्हती. आज परतली.

तरी साहेबांनी सोमवारी माणसे पाठवण्याऐवजी स्वतः यावे, आमच्या विहिरीकडे वळू नये, सरळ देवकाबाईंच्या बागेत जावे, आणि डोळे त्यांच्या झाडांचे घ्यावेत. वडिलांना सांगायचे काम साहेबांचे नाही. ते अर्जदार आज दिवे लागायच्या आत करणार आहे. शिक्षा कोणतीही मान्य.

आपली अपराधी व आज्ञाधारक,
कु. विजया रघुनाथराव कामडी
रामाकोना, दि. २० डिसेंबर १९५६

साक्षीदार : देवकाबाई (डाव्या हाताचा अंगठा)

सोबत जोडले आहे :
१) पहिल्या बक्षिसाचे प्रमाणपत्र, घडी न घालता.
२) दुकानातल्या रसाची रिकामी बाटली.
३) विहिरीजवळच्या झाडाचे शेवटचे संत्रे, जे अर्जदाराने धान्याच्या कोठीत लपवले होते. साहेबांनी चाखून पाहावे.
४) देवकाबाईंच्या झाडाचे संत्रे जोडता आले नाही. ते साहेबांनी स्वतः मागून घ्यावे. त्या कोणाला नाही म्हणत नाहीत, पण अर्जदाराला मागायला तोंड उरलेले नाही.