कापूस तुडवल्याचा दोष

माय, तुझ्याकडून काही चुकलं नव्हतं. हे मला तू जिवंत असतानाच कळलं होतं.

त्या वर्षी कापसाचं खरेदी केंद्र उशिरा उघडलं. घरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला. आपण त्यातच झोपायचो आणि अंग खाजवत उठायचो. मी कॉलेजातून गालगुंड घेऊन घरी आलो. तू दारातच हसतेस, ‘तोंड पाह्य तुह्यं! बोरीच्या बाजारातलं कोहळंच!’ मग केंद्र उघडल्याची बातमी येते. बाबा आधीच वारलेले, मजूर ज्याच्या त्याच्या कामात. तू बैलगाडीला चारी बाजूंनी बांबूच्या तट्ट्या बांधतेस आणि मला वर चढवतेस, कारण वर उभं राहून कुणी तुडवल्याशिवाय गाडीत कापूस मावत नाही. ‘मले ताप हाये वं माय,’ मी म्हणतो. ‘घंटाभर तुडव बाप्पा, मंग झोप दिवसभर.’ तू खालून कापूस टाकत राहतेस, मी तुडवत राहतो. त्याच आठवड्यात गाल उतरले आणि वृषणं सुजली. मला चालता येईना. तू कपाळावर हात मारलास. ‘म्याच उतरवलं दुखणं खाली. तुडवू तुडवू उतरवलं.’

लग्नानंतर काही वर्षं गेली, मूल झालं नाही. शेजारची काकू एकदा ओट्यावर येऊन म्हणाली, ‘सुनेले दाखव न कुठी. का नुसती पोसून राह्यली?’ तू सूप खाली ठेवलंस. ‘तिले कायले दाखवू? खोट माह्यी हाये. तापात पोराले कापूस तुडवाले म्या लावलं. आता तू जाय आपल्या घरी.’ त्या दिवसापासून माझ्या बायकोला कुणी काही बोललं नाही. तूही नाही. उलट भाकरीवरचं तूप आधी तिला.

मी यवतमाळला एकटाच डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तपासणीचा कागद बाजूला ठेवून सावकाश समजावलं. गालगुंडाचा विषाणू रक्तातून वृषणात पोचतो. तिथे शरीराचे राखणदार, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, फारसे फिरकत नाहीत. तिथलं बीज त्यांना परकं वाटून त्यांनी ते मारू नये, म्हणून शरीरानंच तशी सोय केलेली असते. त्या आडोशाला विषाणू टिकतो. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, तरी काही काळ तो वीर्यात सापडतो. तेवढ्यात नुकसान होऊन जातं. सगळ्यांचं होत नाही, माझं झालं. मी गाडीचं विचारलं. ते हसले. ‘कापूस तुडवल्यानं काही होत नाही. खाटेवर पडून राहिला असतात तरी झालं असतं.’

परतीच्या एसटीत मी हे वाक्य तुझ्यासाठी जपून आणत होतो. तू चुलीपुढे होतीस. भाकर थापता थापता, माझ्याकडे न बघता विचारलंस, ‘तुडवल्यानंच झालं न?’ मी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागलो. तू मान हलवलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस.

तुझ्या डोक्यावरचा भार उतरला, तर तू काकूसारखी बोलायला लागशील, बायकोला सोसावं लागेल, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अगदी खोटं नाही. पण विषाणूवर राग धरता येत नाही, माय. तो कुणाचाच नसतो. तू समोर होतीस, आणि दोष घ्यायला तयार होतीस.

त्यानंतर तू तापल्या अंगाच्या कुठल्याच पोराला गाडीवर चढू दिलं नाहीस, दुसऱ्यांच्या दारातल्यासुद्धा. लोक हसायचे. शेवटच्या आजारात तू माझा हात धरून म्हणालीस, ‘तेवढं त्या गाडीचं माफ कर, पोरा.’ तेव्हाही वेळ होता. तुला नीट ऐकू येत होतं.

मी म्हणालो, ‘केलं.’

तुला लिहिलेला हा कागद मी बायकोलाही दाखवणार नाही. तू माफी मागितलीस, तेव्हा मला बरं वाटलं होतं.