कापूर आरतीचं परमिट

१ सप्टेंबर १९९९
आजपासून मी सेफ्टी इन-चार्ज. सोळा वर्षं टाइम ऑफिसात लोकांना लेट मार्क लावले, त्याचं चीज झालं. मालक चनबसाप्पाअण्णा म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं हाय, रजिस्टरं तुम्हीच ठेवा. नोव्हेंबरात इन्स्पेक्टर येणार म्हणे. येऊ दे. आपण मक्याचं स्टार्च करतो, दारूगोळा नव्हे. भाकरी करपते, पीठ पेटलेलं कुणी पाहिलंय?
संकल्प: शून्य अपघात.

२ सप्टेंबर
राउंड घेतला. पॅकिंग खात्यात झाडलोट करणाऱ्या चिमणाबाईनं अडवलं. म्हणाली, खालचं मी रोज झाडतो सायब, पर वर तुळयांवर बोटभर पीठ साठलंय, त्येचं काय? वर पाहिलं. मान अवघडली. इन्स्पेक्टर वयस्क आहेत, ते काही वर बघायचे नाहीत. तरी शनिवारी साफ करून घेणे.

४ सप्टेंबर, शनिवार
शिडी मिळाली नाही. ‘अग्नी निषिद्ध’ असा बोर्ड मात्र स्वतः रंगवला. ‘द्ध’ फार सुरेख आलाय.

११ सप्टेंबर, शनिवार
शिडी मिळाली, वर चढायला माणूस नाही. सगळे गणपतीच्या गडबडीत. आग विझवायचे सहा सिलिंडर आले. नवेकोरे, लालभडक. चोरीला जायला नकोत म्हणून माझ्या केबिनमधल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडं. जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

२२ सप्टेंबर
आज कहर. चिमणाबाईला मी परत समजावलं की पीठ पेटत नसतं. तर ही बाई कँटीनमध्ये गेली आणि मूठभर स्टार्च पेटत्या शेगडीवर उधळलं. भसकन छतापर्यंत जाळ! आचाऱ्याच्या भुवया गेल्या. वर मलाच विचारते, आता पटलं का?
मेमो दिला. कंपनीच्या मालाची नासाडी आणि वरिष्ठांशी उद्धट वर्तन. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर ती झाडू उचलून गेली.
रात्री बायकोला, संयोगिताला, सांगितलं. ती म्हणाली, अहो, पण पेटलं की हो ते. बायकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

६ ऑक्टोबर
सेफ्टीच्या पुस्तिकेत नवीन पद्धत सापडली. वेल्डिंगसारखं जाळाचं काम असेल तर आधी लेखी परमिट. तीन प्रतींची पॅडं छापून घेतली. एकही अर्ज नाही. वेल्डर म्हणतो, पाच मिन्टाचं काम हाय, त्येला कसला कागद? लोक अडाणी.

१५ ऑक्टोबर
पॅकिंग मशीनचा ऑपरेटर कृष्णात खात्यातर्फे भेटायला आला. खंडेनवमीला मशीनची पूजा करायची. नारळ, कापूर, आरती सगळं. पण तुमचा बोर्ड हाय न्हवं, म्हणाला. गुणी पोरगा, नियम मानतो. मी धर्मसंकटात पडलो. पूजा नाही म्हणावं तर खातं पेटणार, हो म्हणावं तर बोर्ड खोटा.
मग एकदम सुचलं. परमिट!
परमिट क्रमांक १. कामाचं स्वरूप: कापूर आरती. कालावधी: दहा मिनिटं. अग्निशमन साधन: आहे. जबाबदार व्यक्ती: मी. सही. तिसरी प्रत कृष्णातला दिली. त्यानं घडी घालून खिशात ठेवली.

१७ ऑक्टोबर
तुळयांचा प्रश्नही सुटला. कॉम्प्रेसरचा पाइप घ्यायचा आणि खालूनच हवा मारायची. उद्या पूजेआधी सगळं चकाचक. दीड महिना उगाच शिडीमागं लागलो.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी. दुपारी ४
जसं झालं तसं लिहून काढतो.
नऊला हवा मारली. वरचं सगळं पीठ खाली आलं, आणि खाली न बसता तसंच तरंगत राहिलं. धुक्यातल्या पन्हाळ्यासारखं. समोरचं मशीन दिसेना. चिमणाबाई दारात आडवी उभी. म्हणाली, पीठ खाली बसू द्या, मग काय लावायचं ते लावा. बाकीचे तिच्यामागं थांबले. दहाला अण्णा येणार, त्याआधी आरती व्हायला हवी होती. मी परमिट मोठ्यानं वाचून दाखवलं आणि कॅमेरा आणायला केबिनमध्ये गेलो.
धप्प असा आवाज. केबिनची काच माझ्या टेबलावर.
कृष्णात स्वतःच्या पायानं चालत बाहेर आला. दोन्ही हात पुढं धरलेले. तोंडाकडं मला बघवलं नाही. आत पोती जळत होती, ती चिमणाबाईनं आणि बायकांनी ओली गोणपाटं टाकून विझवली. मी कपाटाची किल्ली शोधत होतो. ती माझ्या खिशातच होती.

१९ ऑक्टोबर, दसरा
रिपोर्ट लिहायला बसलो. कारण: कापराचा हलका दर्जा. खोडलं. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. हे बसतंय. अक्षरही चांगलं आलंय.
संयोगितानं आपट्याची पानं हातात ठेवली आणि विचारलं, त्याला मुलं किती? दोन, म्हणालो.
संध्याकाळी अण्णांचा फोन. म्हणाले, परमिटच्या दोन प्रती मी फाडल्या, तिसरी कुठाय? उद्या-परवात आणा.

२३ ऑक्टोबर
मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो. खरं तर त्या तिसऱ्या प्रतीसाठी गेलो, इथं तरी खोटं कशाला लिहू.
कृष्णातचे दोन्ही हात गुंडाळलेले, डोळ्यांवर पट्टी. उजव्या डोळ्याचं अजून सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यानं मला आवाजावरून ओळखलं. बसा सायब, म्हणाला. मग स्वतःहूनच सांगू लागला. चिमणामावशीनं मनगट धरून वढलं हुतं, पर मी म्हटलं, अगं सायबांची सही हाय, आता काय हुतंय? आनि गेलतो आत. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.
कागदाचं विचारायचं धाडस होईना. त्याच्या बायकोनंच पिशवीतून काढला. शर्ट कापून काढताना खिशात सापडलेला, कडेनं करपलेला. ह्येचा काय उपेग हुईल का, म्हणाली. तिला वाचता येत नाही. वाचून दाखवा, म्हणाली.
वाचलं. कापूर आरती. दहा मिनिटं. अग्निशमन साधन, आहे. कृष्णात मान वळवून ऐकत होता.
खाली सही कुणाची, तिनं विचारलं.
माझी, म्हणालो. आणि कागद जपून ठेवा म्हणून तिच्याच हातात दिला.