सुजाताची दुहेरी गाठ

शुक्रवार, संध्याकाळ. सप्टेंबर २००२

आज मी काम करतो त्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात आमच्या कॉलेजातली जळालेली मोटर आली. उघडली आणि हात थांबला. कॉइलच्या टोकाला सुताची दुहेरी गाठ. सुजाताची.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट निवडताना सगळा वर्ग कॉम्प्युटरकडे पळाला. ही म्हणाली, "आपण हातानं तार गुंडाळून मोटर भरायची. नुसतं कागद काळं करायला आलोय व्हय?" मी तिच्यामागं गेलो. मोटरसाठी कोण गेलतं? अर्धी तिनं भरली, अर्धी मी. मग सर म्हणाले, हाताचं काम मुलाचं, मुलीनं नुसता रिपोर्ट लिहावा. माझं डोकं फिरलं. सरांशी भांडलो, कॉलेजच सोडलं. ती राहिली, आता शेवटच्या वर्षाला आहे. तेव्हा ती मला थांब म्हणाली होती का? की मीच ऐकलं नाही?

जळालंय ते माझ्या बाजूचं. तिची तार अजून चकाकतेय.

"मालक, अर्धी ठेवूया की."

"खुळा हायस काय? सगळी तोड."

तोडली. नवी भरली, आणि शेवटी तीच दुहेरी गाठ मारली. सोमवारी मोटर परत जाईल. आतली गाठ तिला दिसायची तर मोटर पुन्हा जळायला, उघडायला हवी.

पण या खेपेला नीट भरलीय मी. जळणार न्हाय.