राबाचा धूर

जव्हार, वैशाख
चि. त्र्यंबक यास दादाचे आशीर्वाद.

"आभाळ निरभ्र असताना पडद्याखाली उडण्याचा सराव कशाला, दादा?" असे तू हसून विचारलेस. तो सराव पुरा होईपर्यंत विमान घेऊन एकटा इकडे येऊ नकोस. झाकलेल्या आसनात बसून, गुरूला सोबत घेऊन, केवळ यंत्रांच्या काट्यांवर विसंबायला शिकावे लागते. कारण क्षितिज दिसेनासे झाले की शरीर खोटे सांगते, विमान कलले तरी सरळच वाटते. वैशाखात इथे पेरणीआधी सगळ्या डोंगरांवर राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात, आणि धुरात क्षितिज बुडते. तू ऐकणार नाहीस, या भीतीने शेजारी शेत करणाऱ्या सुकरीला राब थांबवायला विनवले. ती म्हणाली, "इमान उद्या बी येल, मास्तर. पाऊस थांबंल का?"

हे टपालात टाकायला उठलो, तोच धुराच्या वर विमानाची घरघर ऐकू आली. काटा सांगेल तेच खरे मान, त्र्यंबका.

तुझा दादा