पहिल्या रांगेतली मधली खुर्ची

प्रति,
मा. संयोजन सचिव,
टोपॉलॉजी व संलग्न गणिताची आगामी परिषद,
गणित विभाग, पहिला मजला, जिन्याजवळची खोली.

विषय : परिषदेच्या दुसऱ्या दिवशी तळघरातील खोलीत ठेवलेले अर्जदाराच्या मुलीचे व्याख्यान मुख्य सभागृहात, अर्जदाराच्या यजमानांच्या सत्कारानंतर लगेच, यजमानांच्या समक्ष घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपण घरी पाठवलेले तात्पुरते वेळापत्रक. २) आपले व अर्जदाराचे फोनवरील बोलणे.

महोदय,

अर्जदार ही आपल्या सरांची पत्नी. आपण विद्यार्थी असताना स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून "काकू, चहा उरला असेल तर चालेल हं," म्हणायचात, ती हीच. ओळखीवर काम करून घ्यावे असा हेतू नाही. उलट फोनवर आपणच ओळखीचा आधार घेऊन नकार दिलात, म्हणून हा रीतसर लेखी अर्ज. अर्जदाराच्या रोजच्या नेमांत कोणाविषयी वाईट शब्द न काढणे हाही एक नेम आहे. सबब खाली फक्त घडलेले तेवढे लिहिले आहे. विशेषणे आपण मनातल्या मनात घालून घ्यावीत.

१. यजमानांचे काम गाठींच्या गणितातले. दोरीला गाठ मारायची आणि मग तिची दोन टोके कायमची जोडून टाकायची, असा तो विषय. एका विशिष्ट जातीची गाठ कितीही ओढा, फिरवा, उलटीपालटी करा, तिचे साधे, बिनगाठीचे कडे कधीच होत नाही, हे यजमानांनी तरुणपणी सिद्ध केले. त्यावर नोकरी मिळाली, घर झाले, मान मिळाला. अर्जदाराला गणित कळत नाही. तरी "कधीच होत नाही" हे शब्द ते कसे उच्चारतात ते तिला पाठ आहे. भाजीत मीठ कमी पडले तरी ते ह्याच सुरात बोलतात.

२. सभागृहातील पहिल्या रांगेतली मधली खुर्ची यजमानांची, हे आपल्या क्षेत्रात कोणाला सांगावे लागत नाही. व्याख्यान चालू असताना ते डोळे मिटून बसतात. नवख्या माणसाला वाटते, म्हाताऱ्याला डुलकी लागली. शेवटी अध्यक्षांनी "कोणाला प्रश्न?" म्हटले की यजमान चष्मा काढतात, त्याच्या काड्या मिटतात आणि अगदी हळू आवाजात म्हणतात, "मला एक बारीक शंका आहे." पुढे वक्त्याचे काय होते ते आपण पाहिले आहे. आपले स्वतःचेही झाले आहे. त्या संध्याकाळी आपण आमच्या न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ होतात आणि बाहेर आल्यावर "काकू, डोळ्यात साबण गेला," म्हणालात. अर्जदाराने टॉवेल दिला. आपल्याच बरोबरीचा एक जण, ज्याला सगळे 'भोपळा' म्हणायचे, तो गणित सोडून भावाच्या फर्निचरच्या दुकानात बसतो. परिषदांच्या जेवणात हे किस्से रंगवून सांगितले जातात आणि यजमानही मनमोकळे हसतात. "कच्चं मडकं होतं. टिचकी मारली, फुटलं. ह्यात माझा काय दोष?"

३. मुलीचे, म्हणजे चिमीचे, पहिले व्याख्यान ह्याच सभागृहात झाले. विषय वडिलांचाच घेतला होता. लहानपणापासून घरात दोऱ्यांचे तुकडे पडलेले; इतर मुली बाहुल्या घेत, ही बापाच्या गाठी सोडवत बसे. व्याख्यानाच्या आदल्या आठवड्यात तिने कागद वडिलांना दाखवले. त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर वाचले, नीट एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "बघू." एवढ्यावर पोर हरखून गेली. बाबा "बघू" म्हणाले म्हणजे चांगलेच म्हणाले, असे तिने अर्जदाराला दोनदा येऊन सांगितले.

सभागृहात अर्जदार मागच्या रांगेत चिमीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. व्याख्यान संपले. चष्मा मिटला. "मला एक बारीक शंका आहे. तिसऱ्या पानावर तुझी दोरी तुझ्याच दोरीतून आरपार गेली आहे. भिंतीतून भूत जातं, बाळ. दोरीतून दोरी जात नाही." सभागृह हसले. आपणही हसलात; अर्जदाराला आपली पाठ दिसत होती आणि खांदे हलताना दिसत होते. चिमीने खडू खाली ठेवला, डस्टर उचलले आणि फळा पुसला. कोपऱ्यात लिहिलेली तारीखसुद्धा पुसली.

परतताना टॅक्सीत चिमी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसली होती. अर्जदाराने यजमानांना हळूच म्हटले, "घरी सांगितलं असतंत तर?" यजमान मोठ्याने म्हणाले, "मला आठवड्यापूर्वीच दिसलं होतं. घरी सांगितलं असतं तर विसरली असती. सभागृहात सांगितलं की जन्मभर लक्षात राहतं." ड्रायव्हरने आरसा थोडा वळवून मागे बघितले. चिमीने मागे बघितले नाही.

४. जन्मभर लक्षात राहील हे यजमानांचे म्हणणे खरे ठरले. चिमी दूरच्या गावी एका लहानशा कॉलेजात लागली. तिथे तिला बेरीज-वजाबाकीपासून सगळे शिकवावे लागते. ती फोन करते तो वडील दुपारी झोपले असताना. वडिलांविषयी विचारते, "जेवले का?" एवढेच. मात्र गाठी तिने सोडल्या नाहीत. गेल्या वर्षी तिने त्याच विशिष्ट जातीतली एक गाठ शोधून काढली, जिचे साधे कडे होते. जे कधीच होत नाही ते होते. परीक्षकांनी तपासले, परदेशच्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासले, आपणही तपासलेत. फोनवर आपण अर्जदाराला म्हणालात, "काकू, तिचं बरोबर आहे. शंभर टक्के. सरांचं प्रमेय गेलं." बोलताना आपला आवाज खाली गेला होता. घरात कोणी गेल्यावर करतात तसा.

५. असे असता वेळापत्रकात चिमीचे व्याख्यान तळघरातल्या खोलीत, झेरॉक्स मशीनच्या शेजारी, ठेवण्यात आले आहे. आणि नेमके त्याच वेळी वर मुख्य सभागृहात यजमानांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा सत्कार आहे. ही चूक नसून योजना आहे हे आपण मान्य केलेत. "सरांच्या कानावर जायला नको. आता ह्या वयात कशाला, काकू? चार वर्षं राहिली असतील, सुखाने जाऊ देत." शिवाय चिमीसाठी पुढे परिषदा पुष्कळ आहेत असे सांगून आपण यादीच वाचून दाखवलीत. वसंतात समुद्रकाठी चार मितींवर, उन्हाळ्यात डोंगरावरच्या संस्थेत नुसत्या गाठींवर, थंडीत तरुणांसाठी कार्यशाळा. कुठेही ती मुख्य वक्ता म्हणून बोलू शकेल.

अर्जदाराने ती यादी लिहून घेऊन फ्रिजवर लावली आणि नीट विचार केला. ह्यांपैकी एकाही ठिकाणी यजमान जाणार नाहीत. त्यांना आता विमान सोसत नाही. सबब ह्या परिषदा चिमीच्या उपयोगाच्या असतील, अर्जदाराच्या नाहीत.

६. आपण यजमानांच्या हृदयाची काळजी व्यक्त केलीत. ती रास्त असल्यामुळे अर्जदाराने मागच्या आठवड्यात त्यांची संपूर्ण तपासणी करून घेतली. डॉक्टर म्हणाले, "आजी, आजोबा ठणठणीत आहेत. धक्का वगैरे काही बसला तरी पचवतील." तसा दाखला मागून घेतला आहे. स्मरणशक्तीचीही तपासणी करवली, कारण ऐकून समजले नाही तर सगळाच खटाटोप वाया. त्यांनी डॉक्टरांनाच उलट प्रश्न विचारून घाम फोडला.

ही तब्येत आपोआप राहिलेली नाही. त्या टॅक्सीच्या दिवसापासून अर्जदार फक्त रात्री एक वेळ जेवते आणि दिवा लावून यजमानांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करते. शेजारच्या वहिनी म्हणतात, "एवढं प्रेम आजकाल बघायला मिळत नाही हो." अर्जदार त्यांना काही सांगत नाही. यजमानांचे पथ्य, त्यांच्या गोळ्या, त्यांचे चालणे, बिनमिठाची भाजी, सगळे तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळले. चिमीला वेळ लागणार हे माहीत होते. तोवर माणूस टिकायला हवा होता.

७. तरी अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे आहे.

(अ) सत्कार, मानपत्र, टाळ्या सर्व ठरल्याप्रमाणे व्हावे. त्यात कपात नको. भाषणे लांबली तरी चालतील. त्यानंतर चहाची सुट्टी न देता लगेच चिमीचे व्याख्यान घ्यावे. चहाला सोडले की माणसे पांगतात.

(आ) यजमानांना मधल्या खुर्चीवरच बसवावे. आदराने कडेला सोफा टाकू नये. कडेला बसले की त्यांना दुसऱ्याच्या चांगल्या व्याख्यानात लघवीला लागते.

(इ) कानातल्या यंत्राला अर्जदार त्या सकाळी नवे सेल घालील. घरात अर्जदार बोलू लागली की ते यंत्र बंद करतात; त्या दिवशी तसे करता येऊ नये म्हणून एरवी लावत नाहीत ते, पिन टोचल्याशिवाय बंद न होणारे, दुसरे यंत्र लावले जाईल. पिन अर्जदाराकडे राहील.

(ई) प्रस्तावनेत "सरांच्या थोर कार्यातील किरकोळ दुरुस्ती" वगैरे शब्द कोणी वापरू नयेत. यजमानांनी कोणाला अशी सूट दिलेली नाही. त्यांना ती देणे हा त्यांचाही अपमान होईल.

(उ) प्रश्नांच्या वेळी माईक प्रथम यजमानांना द्यावा आणि ते बोलेपर्यंत कोणी खोकू नये, हसू नये, मदत करू नये. त्यांना शंका असेल तर त्यांनी विचारावी. नसेल तर नसल्याचे सगळ्यांना ऐकू यावे.

८. आता आपण फोन ठेवता ठेवता जे सांगितलेत त्याविषयी. तळघराची मागणी मुळात चिमीचीच आहे, तिने तसे लेखी कळवले आहे, असे आपण म्हणालात. अर्जदाराचा विश्वास बसेना, म्हणून तिने यजमान जागे असताना, भरदिवसा, चिमीला फोन केला. चिमी म्हणाली, "हो आई, मीच सांगितलं. खोली लहान द्या म्हटलं." अर्जदाराने विचारले, "घाबरतेस?" तर म्हणाली, "नाही गं. आता नाही घाबरत. पण मला त्यांच्यासारखं व्हायचं नाही." मग म्हणाली, "आई, तू काही करणार नाहीस ना?" अर्जदार म्हणाली, "मी काय करणार, बाळा? मला कुठे तुमचं गणित कळतं."

चिमीचे म्हणणे योग्य आहे. तिने तसे होऊ नये हीच अर्जदाराचीही इच्छा. सबब हा अर्ज तिचा नाही, तिच्या वतीनेही नाही. ती फक्त फळ्यावर खरे ते लिहील आणि खाली बसेल. तिच्या हाताला काही लागणार नाही. बाकीचे अर्जदार स्वतःच्या नावावर घेत आहे आणि रोज दिवा लावून ज्याच्यापुढे बसते त्याला तसे सांगूनही झाले आहे. चिमीची चिठ्ठी आपण फाडू नये. ती फाईलला राहू द्यावी आणि तिच्यावर हा अर्ज लावावा. व्याख्यान हलवल्याचे तिला सभागृहाच्या दाराशी आल्यावरच कळवावे. भरल्या सभागृहाकडे पाठ करून निघून जाण्याइतकी ती उद्धट नाही. तिला अर्जदाराने वाढवले आहे.

९. शेवटची विनंती अर्जदाराच्या स्वतःच्या बसण्याबद्दल आहे. आपण पत्रिकेत तिच्यासाठी यजमानांच्या शेजारची खुर्ची राखून ठेवली आहे, त्याबद्दल आभार. परंतु तिथून फळा दिसतो, आणि फळ्यावरचे अर्जदाराला काही समजणार नाही. तरी तिची खुर्ची व्यासपीठाच्या कडेला, पडद्याजवळ, लोकांकडे तोंड करून टाकावी. तिथून पहिली रांग समोर दिसते. यजमान चष्मा मिटतात की नाही, ते तिला जवळून बघायचे आहे.

आपला होकार येईपर्यंत रात्रीचे जेवणही सोडलेली,

आपल्या सरांची पत्नी
(सही)

दिनांक : परिषदेच्या आधीचा सोमवार

सोबत :
१) यजमानांचे हृदय उत्तम असल्याचा डॉक्टरांचा दाखला.
२) स्मरणशक्तीच्या तपासणीचा अहवाल.
३) यजमानांची संमती जोडलेली नाही. त्यांनीही कधी कोणाची घेतली नव्हती.